अडीनडीची तबकडी

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एक पेटी आहे. तिला भलंमोठं कुलूप लावलेलं आहे. आणि किल्ली? ती राहिली पेटीच्या आतच! आता सांगा पाहू, पेटी उघडायची कशी?

वर्गात हे कोडं घातलं की उत्तरांचा नुसता पाऊस पडतो. "बाई, कुलूप फोडायचं!" "बाई, पेटीच जाळून टाकायची!" मग आतल्या वस्तूंचं काय, हे त्या बहाद्दराला सुचतच नाही. शेवटी कुणीतरी म्हणतं, "बाई, दुसरी किल्ली आधीच करून बाहेर ठेवायची." शाब्बास! उत्तर अगदी बरोबर.

आजचा लेख या दुसऱ्या किल्लीबद्दलच आहे. पेटी म्हणजे तुमच्या घरातला किंवा शाळेतला संगणक. आणि किल्ली म्हणजे एक चकचकीत तबकडी, नाहीतर अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह. संगणकाचे जाणकार तिला 'बूटेबल रिकव्हरी डिस्क' असं लांबलचक नाव देतात. आपण तिला म्हणू या, अडीनडीची तबकडी!

बटण दाबल्यावर काय होतं?

संगणकाचं बटण दाबलं, की थोड्या वेळात पडद्यावर चित्र येतं आणि आपण खेळायला, चित्रं काढायला किंवा अभ्यास करायला मोकळे होतो. पण बटण दाबणं आणि चित्र येणं यांच्यामध्ये केवढी धावपळ चाललेली असते, ठाऊक आहे?

आपली शाळा डोळ्यांसमोर आणा. सकाळी सगळ्यांत आधी कोण येतं? मुख्याध्यापक? छे! आधी येतात शिपाईमामा. ते फाटक उघडतात, दिवे लागतात का ते पाहतात, वर्गांची दारं उघडतात. मग मुख्याध्यापक येतात आणि पुढचा सगळा कारभार हाती घेतात.

संगणकातही असेच एक शिपाईमामा असतात. ते मदरबोर्ड नावाच्या मोठ्या पट्टीवर एका चिमुकल्या चिपमध्ये राहतात. जुन्या संगणकांत त्यांचं नाव 'बायोस' असे, नव्यांत 'यूईएफआय' असतं. वीज आली की ते जागे होतात. कळफलक जागेवर आहे का, मेमरी ठीक आहे का, याची पाहणी करतात. मग ते मुख्याध्यापकांना उठवायला जातात. हे मुख्याध्यापक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. तुमच्याकडे विंडोज असेल, कुणाकडे लिनक्स असेल. फाईल उघडणं, छपाई करणं, आवाज काढणं, सगळं यांच्या हुकमाने चालतं.

तुम्ही विचाराल, रोज उठवायला का लागतं? त्याचं कारण मेमरी. संगणकाची काम करायची मेमरी म्हणजे वर्गातला फळा. संध्याकाळी वीज बंद झाली की फळा कोरा. मुख्याध्यापक तर हार्ड डिस्कमध्ये झोपलेले असतात. म्हणून रोज त्यांना तिथून उठवून फळ्यापाशी आणावं लागतं.

बुटाचा आणि संगणकाचा काय संबंध?

या उठवण्याच्या कामाला 'बूट करणं' म्हणतात. हे पायातल्या बुटाचंच नाव बरं का! इंग्रजीत एक जुना वाक्प्रचार आहे. आपल्याच बुटांचे बंद ओढून आपणच स्वतःला वर उचलायचं! करून पाहा बरं. खाली बसा, दोन्ही हातांनी आपले पाय धरा आणि स्वतःला उचला. जमलं? जमणारच नाही.

संगणकाचीही तीच पंचाईत असते. काहीही चालवायला त्याला प्रोग्राम लागतो, आणि तो प्रोग्राम आत आणायलासुद्धा आधी प्रोग्राम लागतो! म्हणून १९५० च्या दशकात संगणकाच्या इंजिनियरांनी एक युक्ती काढली. आधी अगदी इवलासा प्रोग्राम आत घ्यायचा, त्याने थोडा मोठा आत ओढायचा, आणि मग त्या मोठ्याने सगळं आणायचं. या युक्तीला त्यांनी बुटांच्या बंदांचंच नाव दिलं.

आता एक गंमत. जुन्या पद्धतीच्या संगणकात शिपाईमामा डिस्कचा फक्त पहिला खण उघडून पाहतात. हा खण केवढा? अवघ्या ५१२ बाइटचा. म्हणजे यात जेमतेम ५१२ इंग्रजी अक्षरं मावतील. या खणाच्या शेवटच्या दोन बाइटांत एक गुप्त खूण असते. संगणकाच्या शून्य-एकच्या भाषेत पहिली बाइट आहे ०१०१०१०१ आणि दुसरी आहे १०१०१०१०. नीट पाहा, दोन्ही एकमेकींच्या बरोबर उलट आहेत ना? ही खूण दिसली तर शिपाईमामा म्हणतात, "हां, इथे उठवण्यासारखं कुणीतरी आहे!" खूण नसेल तर ते पुढच्या दाराकडे वळतात. नव्या संगणकातले मामा थोडे जास्त शिकलेले आहेत. ते डिस्कवर 'ईएफआय' नावाचं फोल्डर शोधतात आणि त्यातली ठरावीक फाईल चालवतात.

मुख्याध्यापक आजारी पडले तर?

कधीकधी मात्र मुख्याध्यापक उठतच नाहीत. विंडोज नवे बदल घेत असताना मध्येच वीज गेली, एखादा व्हायरस शिरला, नवं यंत्र जोडताना चुकीचा ड्रायव्हर बसला किंवा एखादी महत्त्वाची फाईल खराब झाली, की पडदा निळा पडतो, नाहीतर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळ येते. काही संगणक तर पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होत राहतात. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखे गोल गोल!

विंडोज बनवणाऱ्यांनी यासाठी एक सोय आधीच केली आहे. हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात दुरुस्तीची एक छोटी खोली लपवलेली असते. विंडोज लागोपाठ सुरू होऊ शकलं नाही, तर संगणक आपणहून या खोलीत जातो. पण ही खोली कुठे आहे? त्याच हार्ड डिस्कवर! डिस्कवरचा तो भागच खराब झाला किंवा कुणी जागा वाढवण्यासाठी चुकून तो पुसून टाकला, तर औषधही रोग्याबरोबरच अडकलं. झाली की नाही किल्ली पेटीत?

अशा वेळी बाहेरून आणलेली तबकडी कामाला येते. तिच्यावर एक छोटी, स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टीम असते. शिपाईमामांना आपण सांगायचं, "मामा, आज घरातल्या मुख्याध्यापकांना उठवू नका. या पाहुण्या डॉक्टरांना आत घ्या." मग हे डॉक्टर तबकडीवरूनच काम सुरू करतात आणि झोपलेल्या मुख्याध्यापकांना तपासतात.

ज्या दिवशी ८५ लाख संगणक अडले

हे सगळं फक्त तुमच्या-आमच्या घरी होतं असं समजू नका. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतो का? आई-बाबांना नक्की आठवेल. क्राउडस्ट्राइक नावाची एक अमेरिकन कंपनी आहे. मोठमोठ्या कार्यालयांतल्या संगणकांचं हल्ल्यांपासून रक्षण करणारा प्रोग्राम ती बनवते. त्या दिवशी भारतातल्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना तिने एक नवी फाईल जगभर पाठवली. त्या फाईलमध्येच दोष होता. ज्या विंडोज संगणकांनी ती घेतली, ते धडाधड निळे पडले!

मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार असे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. जगातल्या विंडोज संगणकांच्या मानाने हा आकडा शेकड्याला एकपेक्षाही कमी होता, पण ते नेमके विमानतळ, बँका, रुग्णालयं अशा ठिकाणचे होते. हजारो विमानं रद्द झाली. आपल्या देशातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

कंपनीने ती फाईल ७८ मिनिटांत मागे घेतली. मग सगळं लगेच ठीक व्हायला हवं होतं, नाही का? पण तसं झालं नाही. जे संगणक आधीच पडले होते, ते सुरूच होत नव्हते. सुरू न होणारा संगणक नवी फाईल घेणार कुठून? पुन्हा आपलं तेच कोडं!

शेवटी माणसांना एकेका संगणकापाशी जावं लागलं. दुरुस्तीच्या खोलीत किंवा 'सेफ मोड'मध्ये शिरून ती एक फाईल पुसायची, असा उपाय होता. हे काम सोपं व्हावं म्हणून मायक्रोसॉफ्टने काय तयार केलं असेल? पेनड्राइव्हवरून सुरू होणारं दुरुस्तीचं साधन! एवढ्या मोठ्या संकटातही शेवटी उपयोगी पडली ती अडीनडीची तबकडीच. फक्त तिचं रूप पेनड्राइव्हचं होतं.

फ्लॉपीपासून पेनड्राइव्हपर्यंत

तुमच्या आई-बाबांच्या लहानपणी ही किल्ली फ्लॉपीवर असायची. साडेतीन इंची चौकोनी फ्लॉपीत १.४४ एमबी एवढीच माहिती मावायची. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा आज त्याहून मोठा असतो! तिच्या कोपऱ्यात एक सरकती खिटी असे. ती सरकवून खिडकी उघडली की फ्लॉपीवर नवं काही लिहिता येत नसे. ही खिटी फार महत्त्वाची होती. कारण १९८६ मध्ये आलेला 'ब्रेन' नावाचा प्रसिद्ध व्हायरस फ्लॉपीच्या पहिल्या खणातच जाऊन बसायचा. मामांनी दार उघडलं की आधी चोरच आत! म्हणून दुरुस्तीची फ्लॉपी खिटी सरकवूनच ठेवत.

मग सीडी आली. एका सीडीत ७०० एमबी माहिती, म्हणजे पावणेपाचशेहून जास्त फ्लॉप्या! पण सुरुवातीला शिपाईमामांना सीडीवरून कुणाला उठवायचं कसं, ते माहीतच नव्हतं. जानेवारी १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांच्या इंजिनियरांनी त्याचे नियम लिहिले. या नियमांचं नाव आहे 'एल टोरिटो'. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ होतो छोटा बैल, म्हणजे आपला गोऱ्हा! असं सांगतात की हे इंजिनियर ज्या उपाहारगृहात जेवायला बसले होते, त्याचंच हे नाव. नियमांचं बारसं तिथल्या तिथे उरकलं!

२००० साली जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी आणखी पुढची उडी मारली. त्यांनी आख्खी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम एका सीडीवर बसवली आणि तिला नाव दिलं 'क्नॉपिक्स'. सीडी घाला, संगणक सुरू करा, आणि हार्ड डिस्कला हातही न लावता काम करा! अशा सीडीला 'लाइव्ह सीडी' म्हणतात. आपल्या देशातही सी-डॅक या संस्थेने 'बॉस' नावाचं लिनक्स तयार केलं आहे, आणि सी-डॅकचं मुख्यालय तर आपल्या पुण्यातच आहे.

आता बऱ्याच लॅपटॉपना सीडीचा कप्पाच नसतो. शिवाय साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी माहिती मावते आणि विंडोज ११ बसवण्याचा सगळा सरंजाम त्याहून मोठा आहे. म्हणून आजकाल ही 'तबकडी' बहुधा पेनड्राइव्हच्याच रूपात भेटते. पण एकदा लिहून बंद केलेल्या डीव्हीडीचा एक गुण पेनड्राइव्हला नाही. तिच्यावर पुन्हा काही लिहिता येत नाही, त्यामुळे व्हायरसलाही तिथे शिरकाव नाही.

गाण्यासारखी कॉपी चालत नाही!

इथे पुष्कळजण फसतात. इंटरनेटवरून अशा डिस्कची फाईल उतरवून घेतात. तिच्या नावाच्या शेवटी 'आयएसओ' असतं. मग गाणं किंवा फोटो कॉपी करतात तशी ती पेनड्राइव्हवर टाकतात, आणि म्हणतात, "हे चालतच नाही!"

चालेल कसं? पोस्टकार्डाचं उदाहरण घ्या. पत्ता उजव्या बाजूच्या ठरावीक जागेतच लिहावा लागतो. तोच पत्ता मजकुराच्या मध्ये कुठेतरी लिहिला, तर पोस्टमन काय करणार बिचारा? सीडीचंही असंच आहे. तिच्यावरचे खण शून्यापासून मोजले, तर 'इथून सुरुवात करा' ही सूचना बरोबर १७ क्रमांकाच्या खणात असावी लागते. आयएसओ फाईल म्हणजे सगळ्या खणांचा हुबेहूब नकाशा. तो नकाशा उलगडून प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी लिहावी लागते. सीडी-डीव्हीडीसाठी विंडोजमध्येच 'बर्न डिस्क इमेज' असा पर्याय असतो. पेनड्राइव्हसाठी 'रुफस'सारखे मोफत प्रोग्राम मिळतात.

चला, बनवू या!

आता प्रत्यक्ष कृती. हे काम आई, बाबा, ताई किंवा दादा यांना शेजारी बसवूनच करायचं. विंडोज १० आणि विंडोज ११ या दोन्हींमध्ये ही सोय आहे.

१. एक पेनड्राइव्ह घ्या. ३२ जीबीचा घेतला म्हणजे जागेची चिंता नको. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा त्यात कुणाच्या लग्नाचे फोटो नाहीत ना, ते आधी बघा!

२. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. काम अर्ध्यावर असताना बॅटरी संपायला नको.

३. 'स्टार्ट'वर टिचकी मारा आणि शोधायच्या जागी 'रिकव्हरी ड्राइव्ह' असं इंग्रजीत टाइप करा. 'क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह' दिसेल, ते उघडा. संगणक परवानगी विचारेल. ती मोठ्यांनी द्यायची.

४. सिस्टीमच्या फाईलींचीही प्रत घ्यायची का, असा एक चौकोन दिसेल. त्यात बरोबरची खूण असू द्या. त्यामुळे वेळ जास्त लागतो, पण गरज पडली तर या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने बसवताही येतं.

५. 'नेक्स्ट' दाबा. आपलाच पेनड्राइव्ह निवडलाय ना, याची दोनदा खात्री करा. मग 'क्रिएट' दाबा आणि बाहेर खेळायला जा. हे काम तासभर किंवा त्याहून जास्तही चालू शकतं. मध्येच पेनड्राइव्ह उपसायचा नाही!

६. झालं की पेनड्राइव्हला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधा. तिच्यावर संगणकाचं नाव आणि तारीख लिहा. दर वर्षी एकदा ही किल्ली नव्याने बनवावी, कारण विंडोजही बदलत असतं. एक दिवस ठरवूनच टाका. दसऱ्याला आपण यंत्रांची, हत्यारांची पूजा करतोच. त्याच दिवशी हे काम केलं तर कसं?

आणि संगणक आधीच बंद पडला असेल तर? तरी घाबरू नका. मित्राच्या किंवा काकांच्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवून घ्या. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. त्यावरून आजारी संगणक सुरू केला की 'इन्स्टॉल'च्या वाटेला जायचं नाही. 'रिपेअर' असं लिहिलेला पर्याय शोधायचा.

वेळ आली तर काय करायचं?

संगणक पूर्ण बंद करा. पेनड्राइव्ह लावा. बटण दाबल्याबरोबर एक ठरावीक कळ टकटक दाबत राहा. कुठे ती एफ १२ असते, कुठे एफ ९, कुठे एस्केप. कंपनीप्रमाणे ती बदलते. म्हणून तुमच्या संगणकाची कळ कोणती, ते आजच शोधून त्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. मग एक यादी येईल. त्यातून पेनड्राइव्ह निवडा. म्हणजे शिपाईमामांना निरोप पोचला!

पुढे कळफलकाची भाषा विचारली जाते. ती निवडा, मग 'ट्रबलशूट' आणि त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. इथे औषधांचं कपाटच उघडतं. पण औषध घेताना आधी सौम्य, मग कडक, हा आजीचा नियम विसरायचा नाही.

सगळ्यांत आधी 'स्टार्टअप रिपेअर'. हे डॉक्टर स्वतःच दोष शोधून पाहतात. त्याने गुण आला नाही आणि नुकतेच नवे बदल घेतले असतील, तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. त्यानंतर 'सिस्टीम रिस्टोअर'. संगणकाने पूर्वीच्या एखाद्या चांगल्या दिवसाची नोंद ठेवलेली असेल, तर त्या दिवशी होतं तसं विंडोज तो परत आणतो. तुमच्या चित्रांना, पत्रांना यात धक्का लागत नाही.

आणि आता लाल शाईने अधोरेखित करण्याची गोष्ट. तिथेच 'रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह' असाही एक पर्याय असतो. हा विंडोज नव्याने बसवतो, पण तुमच्या सगळ्या फाईली पुसून! हे शेवटचं औषध आहे. मोठ्यांना विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

"फॉरमॅट मारू का?"

संगणक दुरुस्तीच्या दुकानात गेलं की हा प्रश्न हमखास कानावर पडतो. पुष्कळदा आपण मान हलवतो आणि घरी आल्यावर कपाळाला हात लावतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी असंच झालं. तिच्या पणजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या तिच्या आत्याने लॅपटॉपमध्ये भरून ठेवल्या होत्या. पणजी आता नाही. आणि एके दिवशी लॅपटॉप सुरूच होईना. दुकानदार म्हणाले, "फॉरमॅट मारू, अर्ध्या तासात देतो." आत्या 'हो' म्हणणार, एवढ्यात या पोरीने विचारलं, "आणि ओव्या?" सगळे गप्प.

मग बारावीत शिकणाऱ्या मामेभावाला बोलावलं. त्याने लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला. विंडोज झोपलेलंच होतं, पण हार्ड डिस्क धडधाकट होती. ओव्यांचं फोल्डर दिसलं तसं आत्याने डोळ्यांना पदर लावला. सगळ्या ओव्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि मगच लॅपटॉप दुकानात गेला. विंडोज पुन्हा बसवता येतं, मुलांनो. पणजीचा आवाज कुठल्या दुकानात मिळणार?

पण एक लक्षात ठेवा. हार्ड डिस्कच मोडली असेल, आतून कट्‌कट् असा आवाज येत असेल, तर तबकडी काही करू शकत नाही. मुख्याध्यापक आजारी असणं वेगळं आणि शाळेची इमारतच कोसळणं वेगळं. अशा वेळी संगणक लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावा. आणि म्हणूनच महत्त्वाच्या गोष्टींच्या नेहमी तीन प्रती ठेवाव्या, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी.

पालकांसाठी दोन शब्द

हल्लीच्या अनेक लॅपटॉपवरची माहिती 'बिटलॉकर'सारख्या सोयीने आपोआप कुलूपबंद होते. चोरापासून बचाव होतो, हे उत्तमच. पण दुरुस्तीच्या वेळी संगणक ४८ आकडी किल्ली मागतो. ती नसेल, तर तबकडी असूनही आपली माहिती आपल्यालाच मिळत नाही. २०२४ च्या त्या गोंधळातही या ४८ आकड्यांपायी अनेकांचा खोळंबा झाला होता. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ही किल्ली बहुतेक वेळा साठवलेली असते. ती आजच पाहून कागदावर उतरवा आणि घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवा.

आणि मुलांनो, तुम्हालाही एक गोष्ट सांगायची आहे. माहिती कुलूपबंद नसेल, तर अशा तबकडीने कुणाच्याही संगणकातल्या फाईली पासवर्डशिवाय दिसू शकतात. म्हणून दुसऱ्याच्या संगणकाला त्याच्या परवानगीवाचून ती कधीही लावायची नाही. शेजाऱ्यांची किल्ली आपल्याकडे ठेवायला दिली, म्हणून आपण त्यांच्या घरात शिरतो का?

तेव्हा येत्या रविवारी कामाला लागा. एक पेनड्राइव्ह, एक चिठ्ठी, थोडा दोरा आणि शेजारी घरातलं एक मोठं माणूस, एवढीच सामग्री पुरे. संगणक ठणठणीत असताना हे काम तासा-दोन तासांचं आहे. तो बंद पडल्यावर मात्र धावाधाव होते. तहान लागल्यावर विहीर खणायला घेणाऱ्याची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. आपली विहीर आपण आधीच खणून ठेवू या!